माजी सैनिक संघाची गळकी इमारत आणि ३८ लाखांचा प्रश्न

जय हिंद, सचिव साहेब. तुम्ही लिहिलंय ते थोडक्यात असं: तालुक्याच्या माजी सैनिक संघाची इमारत १९७६ सालची. स्लॅब गळतो, गेल्या पावसाळ्यात पुढचा छज्जा अर्धा खाली आला. कंत्राटदारानं ३८ लाखांचा अंदाज दिलाय. सभासद २१० आणि बँकेत १ लाख ९० हजार. त्यातच एक बिल्डर म्हणतोय, पाडून व्यापारी संकुल बांधतो, वरचा मजला तुम्हाला फुकट. निम्म्या सभासदांना ते पटलंय. तर पैसे उभे करायचे कसे, आणि बिल्डरला हो म्हणायचं का?

मी बॉम्बे सॅपर्समधून, म्हणजे लष्कराच्या इंजिनिअर दलातून, सुभेदार म्हणून निवृत्त झालो. नोकरीतली बरीच वर्षं बांधकाम आणि दुरुस्तीतच गेली. गावी आल्यावर संघानं खजिनदार केलं आणि आमची १९६८ ची इमारत माझ्या गळ्यात पडली. ती झाली. पुढं शेजारच्या दोन तालुक्यांत हेच काम करायला गेलो. एक झालं, एक फसलं. फसलेल्याचंही खाली सांगतो, कारण ते बिल्डरशीच जोडलेलं आहे.

बाकी काहीही करण्याआधी, आजच, उरलेल्या छज्ज्याखाली दोरी बांधून जाणं-येणं बंद करा. अर्धा पडलेला छज्जा उरलेला अर्धा कधी सोडेल याचा नेम नसतो.

आता मूळ मुद्दा. तुम्ही विचारताय पैसे कुठून आणायचे. पण देणारा माणूस, मग तो निवृत्त नाईक असो की कंपनीचा अधिकारी, मनात दोनच गोष्टी विचारतो: ही इमारत कागदावर कोणाची आहे, आणि १५ ऑगस्ट, २६ जानेवारी सोडून तिथं कोण येतं? याची उत्तरं तयार नसली की चहा मिळतो, चेक मिळत नाही. आम्ही पहिले आठ महिने नुसता चहा प्यायलो.

कागदांचं आधी बघू. जागा नगरपंचायत हद्दीत असेल आणि सिटी सर्व्हे झाला असेल तर मिळकत पत्रिका काढा, नसेल तर सातबारा. त्यावर धारणाधिकार काय लिहिलाय ते वाचा. सैनिकांच्या संस्थांना त्या काळात पुष्कळ ठिकाणी सरकारनं जागा दिल्या, आणि अशा जागा बहुधा भोगवटादार वर्ग २ च्या असतात. म्हणजे विकायला, गहाण टाकायला, दुसऱ्या कामाला वापरायला जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी लागते. जागा ज्या कारणासाठी दिली ते सोडून खाली दुकानं थाटली तर शर्तभंग होतो. मूळ मंजुरीचा आदेश कपाटात सापडला नाही तर तहसील कार्यालयात नक्कल मागा. तुमची जागा कुणी दान दिलेली किंवा खरेदी केलेली असेल तर हे चित्र बदलतं. म्हणून आधी उतारा.

दुसरा कागद धर्मादाय आयुक्तांच्या कार्यालयातला, परिशिष्ट १ चा उतारा, म्हणजे न्यासाचे विश्वस्त आणि मिळकत यांची नोंद. आमच्या उताऱ्यावर अकरा विश्वस्तांची नावं होती, त्यातले सहा देवाघरी गेलेले. नवं मंडळ निवडलं की ९० दिवसांत चेंज रिपोर्ट, म्हणजे बदलाची माहिती, द्यायचा असतो. तो आमच्याकडं तीन निवडणुका कुणीच दिला नव्हता. इमारतीचीही नोंद नव्हती, नुसती जागेची होती. हे निस्तरायला वर्ष गेलं. तोवर कुठल्याही कंपनीच्या दारात उभं राहायची सोय नव्हती. तेव्हा हे काम आजच एखाद्या वकिलाकडं सोपवा आणि बाकीची कामं समांतर चालू ठेवा.

आता ते ३८ लाख. हा आकडा कुणी काढला? काम ज्याला मिळणार त्यानंच. मी त्याला चोर म्हणत नाही, पण त्यानं तुम्हाला जे बांधता येतं ते विकलंय, इमारतीला काय झालंय ते सांगितलेलं नाही. आमच्या ३१ लाखांच्या अंदाजात फॉल्स सीलिंग होतं, दर्शनी काचा होत्या, मोठ्या व्हिट्रिफाइड फरशा होत्या. गच्चीच्या पाण्यासाठी एक ओळ होती: 'वॉटरप्रूफिंग करणे'. बस्स.

आधी स्वतंत्र स्ट्रक्चरल इंजिनिअरकडून तपासणी करून घ्या. काम करणारा आणि तपासणारा एक नको. तो रिबाउंड हॅमर, अल्ट्रासोनिक अशा चाचण्या करील, दोन-चार ठिकाणी काँक्रीट फोडून आतली सळई बघेल. फी द्यावी लागते, आणि खात्यातल्या १ लाख ९० हजारांचा पहिला खर्च हाच असावा. सभासद कुरकुरतील की रुपया जमायच्या आधीच खर्च कसला. आमच्याकडंही कुरकुरले.

ती कुरकुर कशी थांबली ते सांगतो, कारण पैसे जमायला खरी सुरुवात तिथूनच झाली. इंजिनिअर यायच्या आधीच्या रविवारी मी हॉलमध्ये उंच चढायची घोडी लावली, डोक्याला हेल्मेट घातलं आणि छोट्या हातोडीनं स्लॅब खालून वाजवत गेलो. काँक्रीट धड असेल तर टण्ण आवाज येतो. आतून सुटलेलं असेल तर डब्यावर मारल्यासारखं डब्ब वाजतं. डब्ब वाजलं की खडूनं गोल करायचा. आधी लोक लांबून बघत होते, मग एक एक करून घोडीवर चढले. ज्यांनी आयुष्यभर रेडिओ सेटवर कान लावले ते सिग्नलवाले तर माझ्याही आधी ओळखायला लागले. संध्याकाळपर्यंत छतावर त्रेचाळीस गोल झाले. त्याच छताखाली, पण धड कोपऱ्यात खुर्च्या ओढून, आम्ही सभा घेतली. 'इमारत जीर्ण झाली आहे' असं मी तीन सभांत वाचून दाखवलं होतं, तेव्हा कुणी खिशात हात घातला नव्हता. त्या दिवशी वर बघून एकानं विचारलं, आधी काय करायचं आणि त्याला किती लागतील?

स्लॅबचं दुखणं काय असतं तेही सभासदांना समजावून सांगा. गच्चीवरचा कोबा, म्हणजे पाणी अडवणारा थर, जुना होऊन तडकतो, पाणी झिरपतं, सळईला गंज चढतो. गंज मूळ लोखंडापेक्षा जास्त जागा खातो, म्हणून तो खालचं काँक्रीट आतून ढकलून फोडतो. वरून प्लास्टर मारून रंग दिला तर दोन पावसाळ्यांत पोपडा खाली. खरं काम म्हणजे सुटलेलं काँक्रीट काढायचं, सळई घासून साफ करायची, गंजरोधक लेप द्यायचा, फार झिजली असेल तिथं जोड सळई द्यायची आणि पॉलिमर मॉर्टरनं भरायचं. पण त्याच्याही आधी वरचं पाणी बंद करायचं.

म्हणून कामाचे तुकडे पाडा. आम्ही असे पाडले: पहिल्या टप्प्यात गच्ची, कोबा, पन्हाळी आणि छज्जे, ७ लाख. दुसऱ्यात स्लॅब आणि बीमची दुरुस्ती, ९ लाख. तिसऱ्यात शौचालय, व्हीलचेअरचा उतार आणि वायरिंग, ६ लाख. एकूण २२ लाख, पक्क्या बिलावरचा १८ टक्के जीएसटी धरून. तो धरायला लोक विसरतात आणि शेवटच्या टप्प्यात तोंडघशी पडतात. काचा आणि फॉल्स सीलिंग आजतागायत झालेलं नाही, कुणी आठवणही काढत नाही. तुमचे ३८ लाख किती होतील ते तपासणीच ठरवील. कदाचित बीमच गेलेले असतील आणि आकडा वाढेल, किंवा इंजिनिअर सांगेल की दुरुस्तीत अर्थ नाही. तेही ऐकायची तयारी ठेवा.

आता जमवाजमव. ३८ लाख भागिले २१०, माणशी १८ हजार, हे गणित सभेत कृपा करून मांडू नका. शिपाई म्हणून सतरा वर्षांनी आलेल्याची पेन्शन आणि ऑनररी कॅप्टनची पेन्शन सारखी नसते. समान वर्गणी ठरवली की जो पाच हजार आनंदानं देणार होता तो तोंड चुकवतो, आणि जो लाख देऊ शकत होता तो १८ हजारांवर सुटतो. वीरनारी आणि वीरमातांकडं तर मागूच नका. आमच्याकडं एक वीरमाता स्वतःहून ५०० रुपये घेऊन आल्या. पावती त्यांच्या मुलाच्या नावानं करा म्हणाल्या. केली.

जाहीर आवाहन करायच्या आधी गुपचूप दहा-बारा जणांना घरी जाऊन भेटा. पहिली पावती अध्यक्ष, सचिव आणि खजिनदाराची. आम्ही बारा जणांकडून २ लाख ६० हजार जमवले आणि मगच फळ्यावर आकडा लिहिला. शून्यावर उभ्या असलेल्या फळ्याला कुणी पैसे देत नाही. वेळही बघा. ओआरओपीची (वन रँक वन पेन्शन) पेन्शन दर पाच वर्षांनी सुधारते, २०१९ नंतर २०२४ ला सुधारली. थकबाकी खात्यात पडते त्या महिन्यात घरचं वातावरण वेगळं असतं. खरीप पेरणीच्या तोंडावर कुणाच्याही दारात जाऊ नका.

आमच्याकडं सगळ्यात जास्त चाललं ते गावनिहाय मागणं. आपल्या भागात फौजेचा अभिमान गावाचा असतो. सातारा तालुक्यातल्या अपशिंग्याला लोक मिलिटरी अपशिंगे म्हणतात, पहिल्या महायुद्धात त्या एका गावचे ४६ जवान कामी आले. शिरोळ तालुक्यात टाकळीच्या नावातच सैनिक आहे. इतकं मोठं नाव नसलं तरी प्रत्येक गावाला आपले फौजी तोंडपाठ असतात. आम्ही फळ्यावर माणसांची नव्हे, गावांची नावं लिहिली. शेजारच्या गावानं ४० हजार दिले हे कळल्यावर दुसऱ्या गावानं जत्रेच्या बैठकीत विषय घेतला. मुंबई-पुण्यातली त्या त्या गावची मंडळं आहेत, त्यांनाही गावामार्फतच गाठलं. आजोबा फौजेत होते आणि नातू हिंजवडीत आहे, अशी पुष्कळ घरं असतात. नातवाला संघ ठाऊक नसतो, आजोबांचा वर्दीतला फोटो ठाऊक असतो.

परदेशातल्या मुलांबद्दल जपून. मुलगा नोकरीला बाहेर आहे पण पासपोर्ट भारतीय आहे, तर त्यानं स्वतःच्या कमाईतून बँकेमार्फत दिलेली देणगी विदेशी धरली जात नाही. पण तिकडचं नागरिकत्व घेतलं असेल तर, ओसीआय (भारतीय वंशाच्या परदेशी नागरिकाचं) कार्ड असलं तरी, ती विदेशी देणगी होते आणि एफसीआरए, म्हणजे विदेशी देणगी कायद्याच्या, नोंदणीशिवाय घेता येत नाही. आम्ही एका मुलीचे पैसे नाकारले. तिचे वडील सहा महिने माझ्याशी बोलले नाहीत. पासपोर्टची प्रत मागायला लाजू नका.

वस्तुरूपानं देणारे भेटतील. पंखे, खुर्च्या, ट्यूबलाइट, शौचालयाच्या टाइल्स जरूर घ्या आणि पावती-नोंद करा. पण स्लॅबच्या कामाला दानातलं सिमेंट नको. आम्हाला एकानं चाळीस पोती दिली, घराच्या बांधकामातून उरलेली. पावसाळाभर पडवीत पडून होती, निम्म्या पोत्यांत गोळे. अशा सिमेंटची ताकद गेलेली असते. ते कंपाउंडच्या पायवाटेला वापरलं.

ऑर्केस्ट्रा आणि लकी ड्रॉच्या भानगडीत पडू नका. ऑर्केस्ट्रा आम्ही केला होता. तिकिटांतून स्टेज आणि साउंडचं भाडं निघालं आणि पोरांना वडापाव मिळाला.

संस्थांकडं वळू. सहकारी साखर कारखाना, नागरी बँक, पतसंस्था यांना कंपन्यांचा सीएसआर (नफ्यातला ठरावीक भाग समाजकामाला देण्याचा) कायदा लागू नाही, पण नफ्यातून सार्वजनिक कामासाठी रक्कम बाजूला काढायची सोय त्यांना असते. तिचं वाटप वार्षिक सभेच्या आसपास ठरतं. अर्ज जूनमध्येच द्या. सप्टेंबरात गेलात तर पुढचं वर्ष.

एमआयडीसीतल्या कंपन्यांचं वेगळं आहे. सीएसआर २०१३ च्या कंपनी कायद्यातून आला, आणि त्याच्या सातव्या परिशिष्टात माजी सैनिक, वीरनारी व त्यांच्या अवलंबितांसाठीचं काम स्पष्ट लिहिलेलं आहे. म्हणजे तुमचा विषय कायद्यात बसतो. पण त्यासाठी संस्थेची आयकराची १२ए (संस्थेला करमाफी) आणि ८०जी (देणगीदाराला करसवलत) नोंदणी लागते, आणि सीएसआर-१ फॉर्म भरून क्रमांक घ्यावा लागतो. २०२१ पासून आयकराच्या या नोंदण्या कायमच्या राहिल्या नाहीत, मुदत बघा. १ एप्रिल २०२६ पासून आयकराचा कायदाच नवा आहे, कलमांचे आकडे बदललेत. सीएपुढं ८०जी म्हटलं की त्याला कळतं.

कंपनीला 'स्लॅब दुरुस्ती' सांगू नका. तिथं काय चालतं ते सांगा. म्हणजेच मघाचा दुसरा प्रश्न, इमारतीत कोण येतं? आम्ही पैसे मागायच्या आधी सहा महिने दर मंगळवारी टेबल लावलं. स्पर्श या पेन्शनच्या पोर्टलवर हयातीचा दाखला, ईसीएचएस या माजी सैनिकांच्या आरोग्य योजनेच्या कार्डाची कामं, पेन्शनमधल्या चुकांचे अर्ज. कॉम्प्युटर जाणणारे दोन निवृत्त क्लार्क बसवले आणि येणाऱ्या प्रत्येकाची वहीत नोंद ठेवली. भरतीची तयारी करणाऱ्या पोरापोरींना सकाळी हॉल अभ्यासिकेसाठी उघडून दिला. कंपनीच्या माणसानं येऊन वही चाळली, एका म्हाताऱ्या मावशींना पायऱ्या चढताना धरून आणलेलं पाहिलं, आणि शौचालय आणि उतारासाठी ४ लाख मंजूर झाले.

आमचा हिशोब शेवटी असा बसला: सभासद साडेआठ लाख, गावं आणि मंडळं साडेचार, कंपनी ४, सहकारी संस्था ३, किरकोळ २. तुमच्या भागात एमआयडीसी नसेल तर कंपनीचा रकाना रिकामा राहील आणि गावांवर भार येईल.

आमदार निधीबद्दल सगळे विचारतात. मिळाला तर घ्या, पण त्यावर बेत आखू नका. पैसा संघाच्या खात्यात येत नाही, काम सरकारी यंत्रणेमार्फत होतं. डागडुजीपेक्षा नव्या कामाला तो सोपा जातो, आणि मध्ये आचारसंहिता लागली की सगळं थांबतं. मागायचाच तर कंपाउंड किंवा पेव्हर ब्लॉकसारखं सुटं काम मागा. जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात जाऊन शिफारसपत्र जरूर घ्या, पण ७ डिसेंबरच्या ध्वजदिन निधीचं नाव तुमच्या आवाहनात कुठंही येऊ देऊ नका. तो निधी शासनाचा आहे. नावाची गल्लत झाली तर चौकशी तुमची होईल.

पावतीचे नियम थोडक्यात. दुरुस्तीसाठी वेगळं बँक खाते, दोन सह्या. २,००० रुपयांवरची रोख देणगी ८०जी ला चालत नाही, म्हणून त्यावर चेक किंवा यूपीआय. प्रत्येक पावतीवर पॅन घ्या, कारण वर्षाअखेर देणग्यांचं विवरण आयकर खात्याला द्यावं लागतं आणि त्यावरूनच देणगीदाराचं प्रमाणपत्र निघतं. आणि 'टॅक्स वाचेल' असं सरसकट सांगू नका. नव्या करप्रणालीत ८०जी ची वजावट मिळत नाही, आणि बहुतेक पगारदार आता तिकडंच आहेत. जमा-खर्चाचा कागद दर महिन्याच्या एक तारखेला दारावर चिकटवा, बिलांच्या क्रमांकासह.

कंत्राटदाराला ५ टक्के रक्कम एक पावसाळा पार पडेपर्यंत देऊ नका, आणि हे करारात आधीच लिहा. गच्चीचं काम झालं की कडेला बांध घालून ७२ तास पाणी तुंबवून ठेवा आणि खालून बघा. आमच्याकडं दुसऱ्या दिवशीच पन्हाळीच्या तोंडाशी ओल दिसली, तेवढा भाग त्यानं स्वखर्चानं परत केला. काम जानेवारी ते मे या काळात उरकायचं, म्हणजे पैशांची पहिली फेरी दिवाळीपर्यंत संपली पाहिजे.

राहिला बिल्डर. सार्वजनिक न्यासाची स्थावर मिळकत विकायला, बदलून द्यायला, किंवा इमारत तीन वर्षांहून जास्त मुदतीनं भाड्यानं द्यायला धर्मादाय आयुक्तांची पूर्वपरवानगी लागते. महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम १९५०, कलम ३६. जागा वर्ग २ ची असेल तर वर जिल्हाधिकारी. मी फसलेलं काम म्हटलं ते हेच. त्या संघानं माझा हातोडीचा कार्यक्रम ऐकून घेतला आणि बिल्डरशी शंभराच्या स्टॅम्पवर समजुतीचा करार केला. परवानगी येईलच या भरवशावर जुनी इमारत पाडली. परवानगी आली नाही. आता तिथं पत्र्याचं शेड आहे, हयातीचे दाखले शेजारच्या चहाच्या टपरीवर भरतात, आणि दोन माजी अध्यक्ष कोर्टाच्या तारखांना जातात. व्यापारी संकुल कधीच शक्य नसतं असं नाही. मोठ्या शहरात, स्वच्छ मालकीच्या जागेवर, परवानग्या आधी घेऊन ते होऊ शकतं. तुमच्याकडं होईल का, ते उताऱ्यावर दिसेल.

तेव्हा येत्या सभेत बिल्डरवर मतदान घेऊ नका, विषय पुढं ढकला. मिळकत पत्रिका हाती आली की धारणाधिकाराच्या रकान्यात काय लिहिलंय तेवढं मला कळवा. आणि घोडी भाड्यानं आणाल तर हातोडी अर्ध्या किलोची घ्या, जड हातोडीनं धड काँक्रीटही फुटतं.